पाठ फिरवून बसणारे गायकवाड

गायकवाडांचा चेहरा आठवायला गेलो की मला आधी त्यांची पाठ दिसते. फिकट निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मानेवर नीट कापलेले पांढरे केस आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला नॅपकिन. तोही आमच्याच कंपनीचा, सेकंडचा माल. आम्ही टॉवेल-नॅपकिन विणून परदेशी पाठवतो आणि विणताना कुठे गाठ राहिली, धागा सुटला की तो नग आमच्यासारख्यांच्या घरी येतो. माझ्याकडे पाहुण्याला हात पुसायला जो टॉवेल मिळतो, तो युरोपला जाता जाता जुळे सोलापुरात उतरलेला असतो.

तर पाठ. आमच्या ऑफिसात कुणाचा मोबाईल तपासायचा असला की गायकवाड समोरच्याला म्हणायचे, "घाला पासवर्ड," आणि खुर्चीसकट भिंतीकडे फिरायचे. खुर्ची चाकांची नव्हती. लोखंडी, चार पायांची. ती फरशीवर खर्रर्र करत पुरी फिरवायची, भिंतीवरचं 'आग लागल्यास काय करावे' हे पोस्टर वाचत बसायचं आणि विचारायचं, "झालं का?" झालं म्हटलं की परत खर्रर्र. खालच्या मजल्यावरच्या शिलाई विभागाला वरून आवाज आला की कळायचं, साहेबांनी कुणाचा तरी फोन धरला.

मी एकदा म्हणालो, "अहो, नुसते डोळे मिटले तरी चालेल की."

"मिटलेले डोळे उघडता येतात, माने," ते म्हणाले. "पाठीला डोळे न्हाईत, हे समोरच्यालाबी ठाऊक असतंय."

हे काम त्यांच्याकडे कसं आलं ते सांगायला हवं, कारण असला घोळ फक्त सोलापुरातच होऊ शकतो. आमच्या डिझाईनमधला श्रीनिवास परदेशी गिऱ्हाइकाचं नवं डिझाईन स्वतःच्या मोबाईलवर घरी घेऊन गेला. कंपनीने कुणाला फोन घेऊन दिलेला नव्हता. फोन आपला, रिचार्ज आपला, काम कंपनीचं, असा आमचा रिवाज. श्रीनिवासच्या बायकोला ते निळ्या मोरांचं डिझाईन फार आवडलं. तिने भाबडेपणाने ते आपल्या भावाला पाठवलं आणि तेलुगूत विचारलं, "अन्ना, बागुंदा?" म्हणजे, दादा, छान आहे का? आता भावाचे शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, स्वतःचे यंत्रमाग. त्याच्या फोनवर डिझाईन येतं ते एकाच कारणासाठी. त्याला वाटलं, भावजींनी ऑर्डर पाठवली. बहिणीचं काम म्हणून बिचाऱ्याने बाकीचा माल बाजूला ठेवून मोर विणले, वर गठ्ठा घरपोच आणून दिला. उरलेले त्याने बाजारात सोडले. आणि गिऱ्हाइकाचा माणूस मालाची तपासणी करायला सोलापुरात आला, तेव्हा अजून जगात कुठेही न निघालेले त्याचे मोर त्याला एका दुकानाच्या दारात दोरीवर वाऱ्याने हलताना दिसले.

मग जे व्हायचं ते झालं. ऑर्डर राहिली, पण अटीवर. कामासाठी वापरला जाणारा प्रत्येकाचा फोन कुलूपबंद हवा, त्यावर देखरेखीचं ॲप हवं आणि कंपनीतल्या एका माणसाने ते वरचेवर तपासायला हवं.

तपासणार कोण? मालकांनी आपल्या पुतण्याचं नाव काढलं. प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आपापली गॅलरी उभी राहिली. माझ्याही राहिली. तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, हेच मला लपवायचं होतं. शेवटी पॅकिंगच्या बिराजदार मॅडम उठल्या. अक्कलकोटकडच्या, आवाजाने दमदार.

"गायकवाड साहेब बघणार असले तर माझा फोन आत्ता घ्या," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण बघणार असलं तर मी उद्यापासून डिझाईन पाटीवर काढून आणते."

गायकवाड तेव्हा स्टोअर सांभाळायचे. मूळचे मोहोळकडचे. त्यांच्या टेबलावर सगळ्यांची टपालं येऊन पडायची आणि ते प्रत्येक पाकीट, प्रत्येक कार्ड पालथं ठेवायचे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला कोर्टाची नोटीस आली, हे साऱ्या कंपनीला ठाऊक असायचं. ज्यांच्या टेबलावरून ते कागद गेले त्यांना तेवढं नसायचं. बिराजदार मॅडम बसल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. गायकवाड म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई." मालक म्हणाले, "म्हणूनच."

पण ते शिकले. ॲपवाल्या पुण्याच्या कंपनीचा एक इंजिनियर येऊन ॲप लावून देणार होता. गायकवाडांनी त्याच आठवड्यात नवा फोन घेतला होता. त्याचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. ते म्हणाले, "पहिल्यांदा माझ्यावर करा. दुखतंय का बघू. मग लोकांना सांगू." त्यांच्या फोनवर झालं, चाललं, मग आम्हा सगळ्यांचे.

आम्हाला ते समजावून सांगायची त्यांची तऱ्हा निराळी होती. "फोनमधी आता दोन खोल्या झाल्यात. एक घरची, एक कामाची. कामाच्या खोलीची किल्ली कंपनीकडं. उद्या तुमी नोकरी सोडली, फोन हरवला, तर कंपनी ती खोली झाडून रिकामी करणार. घरच्या खोलीत कंपनीचा पाय पडायचा न्हाई." मग थोडं थांबून, "हा माझा शब्द."

त्या शब्दावर आम्ही फोन दिले. ॲपवर कुणाचा काय विश्वास असणार? ते बघायला तरी कुणी गेलं होतं का?

पहिल्याच तपासणीत एक गंमत झाली. इंजिनियरने पुण्याहून कळवलं की तुमच्याकडचे निम्म्याहून जास्त पासवर्ड एकच आहेत, आणि ते ओळखायला हॅकर लागत नाही, सोलापूरचा कुणीही पाहुणा चालेल. गायकवाडांनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीत एकत्र बोलावलं.

"सिद्धेश्वर ग्रामदैवत हाय, मान्य," ते म्हणाले. "पण एकट्या देवाला किती जणांच्या दाराशी राखणीला उभं करायचं? दमंल की त्ये."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी सिद्धेश्वरापुढे एक आकडा लावला आणि उरलेले स्वामी समर्थांकडे गेले. मी स्वतः आकडावाल्यांत होतो. श्रीनिवास म्हणाला, "साहेब, तुमचा काय आहे?" गायकवाड म्हणाले, "माझ्याकडं देवच न्हाई, म्हणून तर मला ह्यो उद्योग दिला." त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर असते, संध्याकाळी तिच्यापुढे मेणबत्ती आणि उदबत्ती. तिच्याकडे ते काही मागत असतील असं मला कधी वाटलं नाही.

माझा फोन त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला तो दिवस मी घरी कैकदा रंगवून सांगितला आहे. आमच्या फोनला घरात मालक नाही, कुळं आहेत. आईची भजनं, मुलीचे क्लासचे व्हिडिओ, बायको सुनंदाचे साड्यांचे फोटो. मला त्यात नावापुरती पडवी. गायकवाड खाली मान घालून कामाची खोली तेवढी तपासत होते आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर अक्षरं आली, 'हेड ऑफिस'. गायकवाड चटकन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी फोन माझ्यापुढे धरला. "घ्या, घ्या. हेड ऑफिस." गडबडीत माझं बोट स्पीकरवर पडलं आणि सुनंदाचा आवाज साऱ्या ऑफिसभर घुमला, "येताना कोथिंबीर आणा, आणि कालच्यासारखी पिवळी नको."

मी फोन बंद केला. गायकवाड हळूच खाली बसले. त्यांनी विचारलं, "माने, हे हेड ऑफिस कामाच्या खोलीत धरायचं का घरच्या?"

तेवढंच. पुढे कधी विषय काढला नाही, कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते मीच.

लोक त्यांना चिडवायचे. बिराजदार मॅडम म्हणायच्या, "साहेब, एवढा विश्वास आहे आमच्यावर तर तपासता कशाला?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "इस्वास हाय की. पण इस्वासाला रकाना न्हाई." तपासणीच्या तक्त्यात खरंच नव्हता. कुलूप आहे का, बॅकअप बंद आहे का, फोनला दुसरं यंत्र जोडलंय का, सगळ्याला रकाना होता. त्यांनी एकेक रकाना मनापासून पाळला. बॅकअप त्यांनी स्वतःच्या हाताने प्रत्येकाचा बंद केला आणि सगळ्यात आधी स्वतःचा.

त्यांच्या घरी काय चाललंय हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेही त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस डबा उघडला आणि त्यात नुसती कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघाली, आणि सलग बरेच दिवस तेच निघत राहिलं, तेव्हा मी विचारलं.

"वहिनी गावी गेल्यात का?"

"न्हाई. हितंच हाय," ते म्हणाले. मग भाकरीचा तुकडा मोडत, "हितं हाय बी, आन् न्हाई बी."

कलावती वहिनी अक्कलकोटच्या पलीकडच्या गावच्या. माहेरची भाषा कन्नड. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीतलं 'पाणी' आणि 'भाकरी' एवढंच यायचं, आणि गायकवाडांना कन्नडातलं तेवढंही नाही. पुढे त्या असं मराठी बोलायला लागल्या की भाजीवालीशी भांडताना मोहोळच्या वाटायच्या. आता त्यांना विसरण्याचा आजार झाला होता. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं, औषध दिलं होतं, आणि औषधाने काय होणार नाही तेही सांगून ठेवलं होतं. माणूस विसरतो तेव्हा वरचं वरचं आधी जातं म्हणतात. वहिनींचं कालचं गेलं, मग परवाचं. मग मराठी अधूनमधून जायला लागली. आणि मराठी गेली त्या दिवशी तिच्याबरोबर गायकवाडही जायचे, कारण ते त्यांच्या आयुष्यात मराठीबरोबरच आले होते.

दिवसा शेजारच्या बाई बसायच्या. त्या घरी गेल्या की खरी वेळ यायची. संध्याकाळी गायकवाड घरी यायचे तर वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हात आडवा लावून उभ्या. कोण तुम्ही? आत का आलात? त्या कुणा परक्या पुरुषाच्या हातचं खाणार नव्हत्या, हे अगदी बरोबरच होतं. पण दुसरं कुणी घरात नव्हतं. म्हणजे त्या उपाशी राहायच्या, आणि औषध उपाशीपोटी द्यायचं नव्हतं.

तेव्हा वहिनींची थोरली बहीण येऊन राहिली. नागव्वा. तिने पहिल्याच संध्याकाळी बहिणीची हनुवटी धरली आणि कन्नडात काही सांगितलं. वहिनींनी गायकवाडांकडे बघितलं, हात खाली घेतला आणि पाटावर बसल्या. जेवल्या. रोज तेच सांगायचं, रोज जेवायच्या. नागव्वा परत निघाली त्या सकाळी गायकवाडांनी आपला फोन तिच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाले, "अक्का, तेच एकदा हितं बोल."

मला त्यांनी ते एकदा ऐकवलं, जेवणाच्या सुट्टीत, स्टोअरच्या कोपऱ्यात. आधी बांगड्यांचा आवाज. मग खोकला. मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग जाड, घोगरा, जरासा रागावलेला आवाज: "अंजब्याड, कलव्वा. इवरु नम्मवरु. ऊटा माडु."

"म्हणजे काय?"

"घाबरू नको. हे आपलेच आहेत. जेव." गायकवाड फोन खिशात ठेवता ठेवता हसले. "मी दिवसभर समद्यांची ओळख तपासतो. संध्याकाळी माझी ओळख नागव्वा पटवून देती."

ती बाई त्याच वर्षी गेली. छातीत कळ आली आणि संपलं. वहिनींना सांगून उपयोग नव्हता, आणि न सांगूनही चाललं, कारण त्यांच्यापुरती नागव्वा रोज संध्याकाळी बोलत होती. पुढे पुढे तर त्या फोन मांडीवर घेऊन स्वतःच ते बटण दाबायच्या. त्यासाठी गायकवाडांनी फोनच्या कुलुपाला वहिनींचाही अंगठा लावून दिला होता.

आता आमच्या तपासणीत एक प्रश्न होता: हा फोन घरातील अन्य व्यक्ती वापरते का? सोलापुरात, किंबहुना महाराष्ट्रात, याचं खरं उत्तर काय आहे हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. आम्ही सगळ्यांनी बेधडक 'नाही' लिहिलं. मी लिहीत होतो तेव्हा आईची भजनं खिशात वाजत होती. गिऱ्हाइकाची माणसं पुन्हा बघायला येणार होती म्हणून गायकवाडांनी सगळ्यांच्या उत्तरांखाली सही केली, शेवटी स्वतःचं लिहायला घेतलं आणि लिहिलं, 'होय'.

"अहो साहेब," मी म्हणालो, "कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

"मग पाठ फिरवा!"

ते हसले, पण खोडलं नाही. त्यांनी त्यावर उपाय काढला होता. कामासाठी दुसरा फोन घ्यायचा आणि हा कंपनीतून मोकळा करून वहिनींना कायमचा द्यायचा. वहिनींना नवा फोन चालणार नव्हता. एकदा दाखवून बघितला तर त्यांनी तो शेजारच्या बाईंचा म्हणून परत नेऊन दिला होता. त्यांना हाच लागायचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला, हिरव्या कव्हरचा. नियमही राहील, वहिनीही राहतील. आम्हाला सगळ्यांना ते फार छान वाटलं. बिराजदार मॅडमनी चहा सांगितला.

त्या दुपारी पुण्याच्या इंजिनियरला फोन लावायच्या आधी गायकवाड मला म्हणाले, "तुमच्या फोनवर जरा नागव्वाला ठेवून घेता का? असावी एक नक्कल." त्यांनी आवाज पाठवायचा प्रयत्न केला. पडद्यावर आलं: यासाठी आपल्या व्यवस्थापकाची परवानगी आवश्यक आहे.

गायकवाडांना हसू आवरेना. "व्यवस्थापक मीच की! बघा माने, फोनबी माझ्यावानीच झालाय. मालकालाच अडवतोय." मग म्हणाले, "असू दे. मोकळा झाला की घेऊ. घरच्या खोलीला कोण हात लावतंय?"

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

इंजिनियर माझ्या फोनवर होता, स्पीकर लावून. चांगला मुलगा, बोलायला गोड. "करतो सर रिलीज. झालं समजा." गायकवाडांनी आपला फोन टेबलावर ठेवला. आम्ही चहाचे कप घेऊन उभे होतो. पडदा काळा झाला. मग एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली. गायकवाड म्हणाले, "हे काय?" आणि फोन उजळला तेव्हा त्याच्यावर एकच गोष्ट होती. भाषा निवडा. खाली ओळीने भाषा. मराठी. हिंदी. तेलुगू. कन्नड.

 पलीकडून इंजिनियर टाइप करत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "सर, तुमचा फोन पूर्ण कंपनीचा म्हणून नोंदला गेलाय. खोल्या पाडलेल्याच नाहीत त्यात, म्हणून सगळंच पुसलं गेलं. पहिलाच होता ना सर, नवाकोरा, ट्रायलचा… तेव्हा आमच्याकडून… बॅकअप असेल ना सर?"

"बॅकअप बंद ठेवायचा नियम हाय," गायकवाड म्हणाले.

आता हा माणूस ओरडेल असं मला वाटलं. मी त्याची वाट बघत होतो म्हणा ना. त्यांनी विचारलं, "बाकीच्यांचे?"

"बाकीचे बरोबर आहेत सर. त्यांच्या दोन खोल्या आहेत."

"नीट बघून सांगा."

"बघितलं सर. फक्त तुमचाच."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि खुर्ची फिरवून बसले. या खेपेला पासवर्ड घालणारं कुणी नव्हतं. आम्ही कप खाली ठेवले आणि एकेक करून बाहेर आलो. त्यांनी दिलेला शब्द आम्हा सगळ्यांच्या बाबतीत खरा ठरला होता.

मग जे जे करता येईल ते झालं. मालक चांगले वागले. पुण्याच्या कंपनीला त्यांनी झापलं, तिने लेखी दिलगिरी पाठवली. गायकवाड दिलगिरी वाचून म्हणाले, "पोरानं मराठी चांगलं लिव्हलंय." नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्यांकडे आम्ही फोन घेऊन फिरलो. एकाने तो उघडून, फुंकर मारून, परत मिटून दिला. नागव्वाच्या गावी गेलो. तिच्या मुलाच्या फोनात आईचे फोटो होते, लग्नातला नाच होता; आवाज म्हणून एका ठिकाणी ती लांबून "चटणी" म्हणत होती.

बिराजदार मॅडम म्हणाल्या, "मी बोलते की. माझी कन्नड काय कमी आहे?" त्यांनी पदर खोचून, आवाज जाड करून, नागव्वाचं वाक्य म्हटलं. मध्ये खोकल्याही. आम्हाला तर हुबेहूब वाटलं. गायकवाडांनी संध्याकाळी ते वहिनींना ऐकवलं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कन्नडात विचारलं, ही बाई कोण, आणि अक्काचं बोलणं हिच्याकडे कसं आलं? म्हणजे संशयितांत एक वाढला. आमच्या सगळ्या ॲपपेक्षा वहिनींची पडताळणी कडक होती.

शेवटी गायकवाडांनी ते वाक्य स्वतः पाठ केलं. स्टोअरमध्ये धाग्याची रिळं मोजता मोजता पुटपुटायचे, "इवरु नम्मवरु, इवरु नम्मवरु." बिराजदार मॅडम उच्चार सुधारायच्या. मी विचारलं, जमलं का? म्हणाले, "काल म्हटलं तर हसली. माझं कन्नड ऐकून लई हसली. दोन घास खाल्लं." आम्हाला आशा वाटली. पण दुसऱ्या दिवशी ते हसू आलं नाही, आणि नंतरही नाही. आपणच आपल्याबद्दल 'हे आपलेच आहेत' म्हणून सांगायचं, तर ते ऐकणाऱ्याने का मानावं? चोरही तेच सांगेल. हे मला गायकवाडच म्हणाले, अगदी शांतपणे, तपासनिसाच्या आवाजात.

पुढे त्यांनी निवृत्तीची वाट न बघता नोकरी सोडली. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही. आमच्या फोनांचं काम आता मालकांचा पुतण्या बघतो. चांगला आहे. फिरत्या खुर्चीवर बसतो, पण फिरत नाही.

परवा रविवारी सुनंदा म्हणाली, "चला, जाऊन येऊ. डबा करते." विजापूर रोडच्या आत त्यांचं बैठं घर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि गायकवाड स्वतःच्या घराच्या पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली, पायात बाहेरच्या चपला. दार आतून लावलेलं.

"या, या," ते हलक्या आवाजात म्हणाले. "जरा हळू बोला. सकाळधरनं तिला मी चोर वाटतोय. थोडा येळ गेला की इसरती, मग उघडती."

"जेवल्या का?" सुनंदाने विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली. कालपासून नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात कडी वाजली. वहिनी दारात आल्या. स्वच्छ जरीकाठी लुगडं, केस चापून बसवलेले. त्या दिवशी मराठी आली होती. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग पायरीवरच्या माणसाकडे. राग कुठेच नव्हता. दारात आलेल्या पाहुण्याकडे बघतात तशा बघत होत्या.

"कोण पायजे?"

गायकवाड उठून उभे राहिले. त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हणाले, "गायकवाड आहेत का?"

"कामावर गेल्यात," वहिनी म्हणाल्या. "येतील आता. बसा की. उन्हाचं आलासा, पानी देते."

त्यांनी पाणी आणलं. ते पिऊन गायकवाडांनी तांब्या दोन्ही हातांनी परत दिला. सुनंदाने डबा पुढे केला. "वहिनी, तुमच्यासाठी आणलंय. गरम आहे, दोन घास खाऊन घ्या."

"ठिवा तितं," वहिनी म्हणाल्या. "त्ये आल्याबिगर मी कशी जेवू?"

"त्यांना उशीर होईल," गायकवाड म्हणाले.

"हू दे. मी हाय की."

आणि त्या पायरीवर बसल्या, परक्या माणसापासून राखावं तेवढं अंतर राखून. त्यांनी पदर सारखा केला आणि रस्त्याच्या टोकाला नजर लावली. थोड्या वेळाने गायकवाडही खाली बसले, आणि तेही तिकडेच बघायला लागले.